पान चारवरचं शून्य

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला तेव्हा खजिनदाराला वाटलं, कुणाला तरी खिडकी उघडून हवी आहे. वार्षिक सभेत हात वर यायचे ते खिडकीसाठी, नाहीतर चहाला अजून किती वेळ आहे हे विचारण्यासाठी. हिशेब वाचून संपला की "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारावं" असं तो दर वर्षी म्हणे आणि म्हणता म्हणताच कागद आवरायला घेई. कारण इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारील अशी भीती वाटण्याचे दिवसही आता मागे पडले होते. हात बालवाडीच्या बाईंचा होता. गेल्या वर्षी सभासद झाल्या होत्या, मंडळाचं क्लॅरिनेट घरी नेत, आणि ते नीट आहे हे दाखवायला आणत तेव्हा त्यांच्या बोटांना खडूचा रंग लागलेला असे. एवढीच ओळख. त्यांच्या मांडीवर छापील अहवाल होता आणि तो उघडा होता. हे त्याला आधी दिसलं, हात नंतर. अहवालाने लोक वारा घेत, त्याच्यावर चहाचा कप ठेवत, सोबत आलेली मुलं त्याच्या होड्या करत. उघडा अहवाल त्याने आजवर पाहिला नव्हता.

"पान चारवर 'खजिनदार खर्च' असं लिहिलंय, आणि समोर शून्य," बाई म्हणाल्या. "मी मागचेही अहवाल पाहिले. दर वर्षी शून्यच आहे. हे खरं आहे का?"

त्याने कागद खाली ठेवले. तोंड उघडण्याआधीच अध्यक्ष उठले. अध्यक्ष दाताचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडलं की आता बोलायचं ते आपणच, ही त्यांची धंद्यातली सवय सभेतही सुटत नसे. ते म्हणाले की बाई नव्या आहेत म्हणून विचारताहेत, पण बरं झालं विचारलं. या माणसाने मंडळाच्या पैशाने कधी टाचणीसुद्धा घेतलेली नाही, असा खजिनदार दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही, आणि एवढं म्हणून त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सभागृह वाजलं. मागच्या रांगेतले ढोलवाले तर टाळीही ठेक्यात वाजवत. त्याने मान खाली घातली, आणि ती अशा बेताने घातली की लाजल्यासारखी दिसावी. मग एकदाच वर बघितलं. बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कुत्सितपणा नव्हता, राग नव्हता. एका हाताचं बोट अजून पान चारवर होतं, वाचता वाचता कुणी हाक मारल्यावर ओळ हरवू नये म्हणून ठेवतात तसं. मग चहा आला, अध्यक्षांनी हिशेब मंजूर झाल्याचं खुर्च्यांच्या आवाजातच सांगितलं, आणि ते बोट त्याला दिसेनासं झालं.

बसमध्ये त्याने टाळ्या पुन्हा ऐकायचा प्रयत्न केला. जमेना. त्याला हवा तो आवाज कधीच आठवत नसे. सुरांच्या बाबतीत तो जन्माचा बहिरा होता. एवढ्या वाद्यांच्या मंडळात हे गुपित नव्हतं, विनोद होता. मंडळ साधं होतं: बेताची वर्गणी भरायची आणि वाद्य घरी न्यायचं. ज्यांना व्हायोलिन विकत घेणं कधी शक्य नव्हतं अशा घरांतून व्हायोलिनं वाजत. त्याची लेक शाळेत असताना असंच एक घेऊन आली, दोन हिवाळे तिने घर कर्कश केलं, आणि एका सकाळी "बाबा, हे परत करून या" म्हणून मोकळी झाली. तो परत करायला गेला आणि तिथेच राहिला. त्या दिवशी कपाटाशी एक म्हातारे चिटणीस पावत्यांच्या ढिगात बसले होते आणि बेरीज चुकत होती. चूक कुठे आहे ती त्याला उलट्या बाजूने, टेबलाच्या पलीकडून दिसली. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात जन्म गेलेला माणूस. शब्दकोश, गणिताची कोष्टकं, बसची वेळापत्रकं. दुसऱ्याच्या हातातला कागद उलटा वाचण्याची त्याला खोडच होती. "इथे दोनदा धरलंत," तो म्हणाला, आणि म्हटल्याबद्दल लगेच ओशाळला. पुढच्या सभेत तो खजिनदार होता. पगार नाही, मानधन नाही. नावापुढे एक शब्द फक्त. पण नोकरीत चाळीस पुस्तकांमागे त्याचं नाव एकदाही नव्हतं. मुद्रित बरोबर असलं की ते कुणी तपासलं हे कुणाच्या मनातही येत नाही. चूक राहिली की मात्र सगळ्यांना वाचता येतं. ह्या शब्दाने त्याला पहिल्यांदा छातीत काहीतरी रुंद झाल्यासारखं वाटलं होतं.

वर्षातून एकदा सभासदांचा कार्यक्रम असे तेव्हा तो शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसे. लोक डोळे मिटून ऐकत, तो डोळे उघडे ठेवून. ती चेलोची जाड तार बदलली होती त्या वर्षी मंडळाच्या खोलीचं भाडं वाढलं होतं, आणि घरमालकाच्या दारात तीनदा जाऊन, शब्द सापडत नसताना नुसता उभा राहून, त्याने ते अर्ध्यावर आणलं होतं. त्या बासरीला चीर गेली होती. तो छोटा ढोल दोन वर्षं कातड्याशिवाय पडून होता आणि समिती नव्या फलकावर रंगीत दिवे लावायला निघाली होती, तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा "नाही" म्हणाला होता, इतक्या हळू की चिटणिसांनी "काय?" विचारलं आणि त्याला पुन्हा म्हणावं लागलं. त्यावरून त्याला पाठीमागे 'कुलूप' म्हणत. म्हणोत. ढोल वाजत होता. कोणता सूर लागला नि कोणता हुकला त्याला कळत नसे, पण तो सूर तिथे असण्यासाठी काय काय झालेलं आहे हे त्या सभागृहात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसे. आणि ते कुणालाच ठाऊक नाही याचाही त्याला एक चोरटा अभिमान होता, कोटाच्या आतल्या खिशासारखा.

आणि त्या सगळ्याच्या तळाशी ते शून्य होतं. बस, टपाल, शाई, बँकेतल्या खेपा, अहवालाचा कागद सगळं तो स्वतः भरत आला होता. पहिल्या वर्षी भिडेने. बसचे पैसे मागायचे कसे? दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षीचं शून्य शेजारच्या रकान्यात दिसत होतं म्हणून. नंतर नंतर त्या शून्याची त्याला ओढच लागली. हिशेब लिहिताना ते तो सगळ्यात शेवटी काढी, सावकाश, टोकाला टोक नेमकं जुळवून. मंडळाच्या थांब्यावर उतरला की बसचं तिकीट घट्ट चुरगळून, त्याची लहानशी गोळी करून, खांबाला टांगलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची ही त्याची रीत होती. कुणी बघत नसे. ती गोळी टाकताना तो थोडा ताठ होई. आजही घराच्या थांब्यावर त्याने तसंच केलं, पण गोळी कडेला आपटून बाहेर पडली आणि तिला वाकून पुन्हा आत टाकावं लागलं.

बायकोला त्याने टाळ्यांचं सांगितलं. आधी टाळ्यांचंच. ती उजेडाशी बसून सुईत दोरा ओवत होती आणि दोरा सुईच्या बाजूने जात होता. तिने विचारलं, टाळ्या कशावरून पडल्या, म्हणून मग प्रश्नही सांगावा लागला. आपल्या नवऱ्याचा हा उद्योग म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आहे, हे तिचं जुनं मत होतं. पण ते ती हसत सांगे आणि तो हसत ऐके. आज ती हसली नाही.

"विचारलं म्हणायचं कुणीतरी एकदाचं," ती म्हणाली. "अहो, त्या शून्यात माझा एक चष्मा आहे."

तो म्हणाला, काहीतरीच काय, चष्म्याचा काय संबंध. पण म्हणतानाच संबंध दिसला, टेबलाच्या पलीकडून, उलटा असला तरी स्पष्ट. गेल्या वर्षी अहवाल छापायचा होता त्या महिन्यात "पुढच्या महिन्यात बघू" असं तो तिला म्हणाला होता. पुढच्या महिन्यात बँकेच्या कामासाठी खेपा पडल्या. खोटं तो बोलला नव्हता. नुसतं पुढे ढकललं होतं, आणि कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं. ती पुन्हा दोरा ओवायला लागली. त्याने हात पुढे केला, सुई घेतली आणि ओवून दिली.

पुढचे चार दिवस त्याने वाचायला घेतलेल्या कुठल्याच पुस्तकाचं पान उलटलं नाही. हे खरं आहे का. प्रश्न चोरीचा नव्हता, हे त्याला कळत होतं. शून्य खाल्लं म्हणून कुणी कुणाला पकडत नाही. तरी अंगावर काटा आला होता तो त्याच जुन्या जागी. वडील छपाईचे शिशाचे खिळे, अक्षरं जुळवणारे; त्यांच्या छापखान्यात कामगारांचा मदतफंड होता आणि त्याची पत्र्याची पेटी वडिलांकडे असे. एका पगाराच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, एका वयस्कर कामगाराने बेरीज करून विचारलं होतं, पैसे कमी कसे? वडील काही बोलले नाहीत. नुकतं हातात पडलेलं पाकीट त्यांनी उघडलं, कमी होते तेवढे मोजून पेटीत टाकले आणि घरी आले. पुढे महिन्याभरात कळलं की बेरीजच चुकली होती; तो कामगार स्वतः दारात येऊन पैसे परत द्यायला लागला. वडिलांनी घेतले नाहीत. मी भरले म्हणजे प्रश्न मिटला, म्हणाले. ताठ मानेने म्हणाले. लहान असताना त्याला ती मान इतकी आवडली होती की पुढे आरशासमोर त्याने ती करून पाहिली होती. आईला आवडली नव्हती. आई भांडी विसळता विसळता, पाठ न वळवता म्हणाली होती, "न चोरलेले पैसे भरून तुम्ही चोर झालात. कमी नव्हतेच, तर भरलेत कशाला? आता त्यांच्या हिशेबात ते कायमचे कमीच राहिले." वडील यावर काय म्हणाले ते त्याला आठवत नव्हतं. तेही हळू बोलणारेच होते. वडिलांनी पेटी मात्र पुन्हा कधी हातात घेतली नाही, आणि मुलाने आयुष्याचा अर्थ असा लावला की प्रश्न येण्याआधीच भरून ठेवावं. आधीच, सगळं, काठोकाठ. म्हणजे कुणाला विचारायला जागाच राहू नये. शून्याला कुठून हात घालणार?

गुरुवारी दुपारी तो मंडळाच्या खोलीत वर्गणीच्या पावत्या लावत बसला होता. भिंतीला लागून वाद्यांच्या पेट्या उभ्या होत्या, काळ्या, थोड्या माणसांसारख्या. एका गिटारची पिशवी उसवलेली होती. बाई जिना चढून आल्या, क्लॅरिनेटची पेटी टेबलावर ठेवली, आणि त्याने नजर उचलावी म्हणून थांबल्या. त्याने ती उचलली नाही. राग आला का, असं त्यांनी विचारलं. तो "नाही" म्हणाला, इतक्या झटकन की त्यालाच ते खोटं वाटलं. मग बाई खुर्ची ओढून बसल्या आणि बोलायला लागल्या, बालवाडीत बोलत असतील तशा, सावकाश, पण काही न वगळता. गेल्या वर्षीच्या सभेच्या शेवटी अध्यक्षांनी विचारलं होतं, खजिनदारांना मदतीला कुणी आहे का, आणि सगळे आपापले बूट बघायला लागले होते. बाईंनी यंदा ठरवलं होतं की आपण हात वर करायचा. आकड्यांची आवड होती. शाळेच्या सामानाचा हिशेबही त्याच ठेवत. पण पगार बेताचा, दोन मुलं, घर चालवणाऱ्या त्या एकट्या. म्हणून म्हटलं, या कामाला पदरचे किती पडतात ते आधी बघावं. अहवाल उघडला तर शून्य.

"मी दोन दिवस ते शून्य घेऊन बसले होते, काका. मला वाटलं मलाच वाचता येत नाही. इथे यायला दोन बस लागतात. टपाल आहे, बँक आहे. शून्य होईल कसं? म्हणून विचारलं."

"मी भरतो," तो म्हणाला. "माझ्या खुशीने भरतो."

"मग खुशी लिहा ना. शून्य कशाला लिहिता? तुमच्यानंतर जो येईल त्याने एक रुपया मागितला तरी तो भिकारी ठरणार. मला आवडलं असतं हे काम. पण मला शून्य परवडायचं नाही."

तो टेबलावरच्या दगडाकडे बघत राहिला. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला साधा गोटा. त्याला खूप काही म्हणायचं होतं: भाड्याचं, ढोलाचं, वडिलांच्या मानेचं. त्यातलं काही जिभेपर्यंत आलं नाही. आलं ते वेगळंच. एकेक शब्द लावून बघितला तर बाईंचं म्हणणं आणि आईचं म्हणणं एकच होतं. तिथे नसलेली तूट भरल्याने ती हिशेबात कायमची राहिली होती. इथे असलेला खर्च भरल्याने तो हिशेबातून कायमचा गेला होता. दोन्हीकडे मान ताठ, आणि दोन्हीकडे कागद खोटा. आपल्या हिशेबात पैचीही चूक नाही, या एका गोष्टीवर तो इतकी वर्षं झोपला होता, आणि चूक नेमकी तिथे होती जिथे त्याने टोकाला टोक जुळवून घेतलं होतं. आणि मग, ओशाळेपणाच्याच आत कुठेतरी, एक विलक्षण आनंद हलला, इतका अवेळी की त्याला तो दाबावा लागला. कुणीतरी वाचलं होतं. पान चारपर्यंत आलं होतं. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या समासात खुणा केल्या. त्याच्या समासात कुणी खूण करील इतकं कुणी त्याला वाचलंच नव्हतं. आणि खूण बरोबर होती. चांगल्या तपासनिसाची होती.

"चुकलंय ते," तो म्हणाला. मग त्याच्या धंद्यातली एक गोष्ट त्याला आठवली आणि आवाजाला थोडं बळ आलं. "छापून झाल्यावर चूक सापडली की शुद्धिपत्र जोडतात."

रविवारी समिती बसली. त्याने शुद्धिपत्राचा मसुदा वाचला. पान चार, खजिनदार खर्च, शून्य असे छापले आहे तेथे पुढील आकडा वाचावा. आकडा त्याने बसचे दर, टपालाचे दर, कागद, शाई असं आठवून, खात्री नव्हती तिथे कमीच धरून काढला होता. आणि जमेच्या बाजूला तेवढीच रक्कम, खजिनदाराकडून देणगी. शिल्लक एका पैशानेही हलत नव्हती. मागच्या वर्षांचं काही करता येत नव्हतं. पण यापुढे खजिनदाराचा आणि त्याच्या मदतनिसाचा प्रवास मंडळ देईल, आणि ज्याला तो खर्च देणगी म्हणून द्यायचा असेल त्याने तसं लिहून द्यावं. चिटणीस म्हणाले, शिल्लक जर तीच राहते तर हा खटाटोप कशाला. झाकली मूठ बरी होती. अध्यक्षांनी मात्र आकडा पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. एवढे? ते म्हणाले. एका वर्षात एवढे? त्यांचा चेहरा खरोखर उतरला. दुखणारा दात आपण वर्षानुवर्षं पाहिलाच नाही असा. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. उभे राहिले, त्यागमूर्ती हा शब्द उच्चारला, आणि दोन्ही हात टाळीसाठी वर घेतले.

त्याने हात वर केला. समितीत त्याने कधी हात वर केला नव्हता. तो कोपरापर्यंतच आला, पण आला.

"टाळ्या नकोत," तो म्हणाला. "नोंद करा."

आवाज हळूच होता. पण या वेळी कुणी "काय?" असं विचारलं नाही. अध्यक्षांचे हात हवेतच राहिले, मग त्यांनी त्या हातांनी लेखणी घेतली. खाली येताना जिन्यात त्याच्या मनात आलं की वडील त्या दिवशी पेटीपाशी हे म्हणू शकले असते. कमी नाहीत, पुन्हा मोजा. एवढंच. त्यांच्या ताठ मानेपेक्षा हे वाक्य उंच झालं असतं. मग त्याला वाटलं, आपण कोण त्यांच्या समासात खूण करणार. आणि तरी त्याने ती मनात केली, बारीक, शिसपेन्सिलीची.

दुसऱ्या गुरुवारी बाई काम शिकायला आल्या. शुद्धिपत्राच्या पट्ट्या छापून आल्या होत्या आणि त्या एकेका अहवालात चिकटवायच्या होत्या. त्यांनी आल्या आल्या पर्स उघडली, बसची दोन तिकिटं काढली आणि गोट्याखाली सरकवली. भिजलेली छत्री कोपऱ्यात ठेवावी तितक्या सहज. त्यात मागणं नव्हतं, लाज नव्हती, उपकारही नव्हते. इतकं सोपं काहीतरी त्याला इतकी वर्षं आलं नव्हतं.

"तुमचं?" त्यांनी विचारलं.

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याचं खाली होतं, डब्यात, गोळी करून. उतरल्यावर हाताने आपलं काम केलं होतं, डोक्याला न विचारता. राहू दे, आजचं राहू दे, हे शब्द जिभेवर तयार होते. जिभेला ते तोंडपाठ होते. त्याने ते गिळले.

"आलोच," म्हणाला, आणि जिना उतरला.

थांब्यावर दोघं-तिघं बसची वाट बघत होते. त्याने डब्यात डोकावलं. केळ्याची साल, एक मोजा, वर्तमानपत्राची घडी, आणि चुरगळलेली तिकिटं, कितीतरी. पण एवढी घट्ट गोळी कुणी करत नाही. त्याने बाही वर केली आणि हात आत घातला. एका बाईने मुलाला जवळ ओढलं. नेमके तेव्हाच रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून अध्यक्ष बाहेर आले, त्यांनी ओळखलं, आणि पांढऱ्या कोटातच रस्ता ओलांडून आले.

"खजिनदारसाहेब," ते हळूच म्हणाले, "अहो, काय हरवलं?"

पूर्वीचा तो असता तर डब्याआड लपायला जागा शोधली असती. त्याला गोळी सापडली. तळहातावर घेऊन त्याने ती उलगडली, अंगठ्याने सपाट केली. बसचा क्रमांक वाचता येत होता, पैसेही.

"हरवलं नाही," तो म्हणाला. "मंडळाचं आहे."

वरून क्लॅरिनेटचा एक सूर आला, मग तोच पुन्हा. बरोबर लागला की नाही त्याला कळलं नाही. ते तिकीट दोन बोटांत धरून, सगळ्यांना दिसेल असं, तो जिना चढायला लागला.